इतर : नग पाच

पुस्तक विकत घेणारा आणि कर्ज काढणारा या दोघांत एक साम्य असतं. घरी काय सांगायचं याची तयारी दोघांनाही बाहेरच करावी लागते. त्यातल्या त्यात कर्जवाला सुखी. त्याला हप्ते पाडून मिळतात. पाचशे पानांचं पुस्तक ‘दरमहा पन्नास पानं’ या बोलीवर घरी नेता येत नाही. ते एकरकमीच आणावं लागतं. आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली कितीही दडवलं, तरी मेथी निवडायला घेतली की ते वर येतंच.

हे मी अधिकारवाणीनं सांगतो, कारण मी बँकेत कारकून आहे. दिवसभर लोकांच्या पासबुकांवर नोंदी छापायच्या आणि संध्याकाळी रद्दीच्या दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच्या पासबुकातली शिल्लक उतरवायची, असा माझा गेल्या वीस-बावीस वर्षांचा क्रम. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे साहित्यावर चार शब्द बोलण्याचा परवाना माझ्याकडे नाही. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला, दुसरं काही येवो न येवो, आलेल्या वस्तूची नोंद ठेवायची खोड असते. गेल्या सव्वा वर्षात घरात पाच पुस्तकं आली. पाचांचीही मी एका वहीत रीतसर नोंद ठेवली आहे. तारीख, कोठून घेतलं, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात शेरा.

“सव्वा वर्षात पाच? आणि स्वतःला वाचक म्हणवता?” असं कुणीतरी म्हणणारच. तर मंडळी, या पाचाच्या आकड्यामागं एक नदी आहे.

आम्ही सांगलीचे, त्यातही गावभागातले. गावभागात जन्मलेल्या माणसाला पावसाळ्यात कुणी ‘काय, कसं काय?’ विचारलं, तर तो स्वतःच्या प्रकृतीचं सांगत नाही. आयर्विन पुलाखालच्या पाण्याचं सांगतो. चाळीस फूट झाले की इशारा, पंचेचाळीस झाले की धोका. इतर गावांत लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात, आमच्यात फूट आणि इंच विचारतात. २००५ साली पाणी आमच्या घरात आलं, चार दिवस राहिलं आणि गेलं. जाताना भिंतीवर एक मातकट रेघ सोडून गेलं. आमचे अण्णा चाळीस वर्षं हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांनी त्या रेघेशेजारी पेन्सिलीनं तारीख घातली, सुताराला बोलावलं आणि रेघेच्या वर मोजून तीन फुटांवर पुस्तकांची फळी ठोकून घेतली. दिवाणजीचा हिशेब. त्यात दोष काढायला जागा नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीनंच हिशेबाची पद्धत बदलली. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आम्ही सगळे होडीतून बाहेर पडलो तेव्हा अण्णांच्या कडेवर पेढीच्या जुन्या सवयीनं एक कापडी थैली होती. तिच्यात घराची कागदपत्रं, त्यांच्या गोळ्या आणि चष्मा. पुस्तकं फळीवर सुरक्षित आहेत याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

आठवड्यानं परतलो. फळी जागेवर होती. फळीवर पुस्तकं मात्र नव्हती, विटांचा एक थर होता. एक वीट उचलावी तर तिच्याबरोबर शेजारच्या चार येत. मोल्सवर्थचा कोश टम्म पुरीसारखा फुगलेला. तो पंख्याखाली, उन्हात, पावडर मारून, सगळ्या उपायांनी वाळवला. वाळल्यावर ‘क’पासून ‘प’पर्यंतची मराठी भाषा एकजीव झालेली निघाली. दोनेकशे पुस्तकांपैकी एकही वाचलं नाही. ‘वाचलं नाही’ या शब्दांचे दोन्ही अर्थ इथं घ्यावेत.

पुढं पंचनाम्याला एक गृहस्थ आले. बिचारे दिवसभर चिखलात फिरून दमले होते. त्यांच्या फॉर्मात भांडी होती, कपडे होते, धान्य होतं, जनावरंसुद्धा होती. पुस्तकांना रकाना नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘इतर’. अण्णा म्हणाले, “नग किती ते तरी लिहा.” त्यांनी नगाच्या ठिकाणी एक आडवी रेघ मारली. अण्णांना पुस्तकं गेल्याचं वाईट वाटलं होतंच, पण नगाच्या ठिकाणी रेघ मारलेली त्यांना अधिक लागली. जन्मात त्यांनी कधी मोजल्याशिवाय पोतं सोडलं नव्हतं.

त्याच महिन्यात आमच्या कौंटरवर भिजलेल्या नोटांची रांग लागली होती. डब्यातल्या, उशीतल्या, देवामागच्या. कुणी इस्त्री करून आणलेल्या, कुणी दोरीवर वाळवून चिमट्यासकट. नोट मळली, भिजली, फाटली तर बदलून द्यायचे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आम्ही त्याप्रमाणे बदलून देत होतो. म्हातारी पाचशेची चिखलाची नोट द्यायची आणि पाचशेची कोरी नोट घेऊन हसत जायची. नोटेचं मोठेपण तेच आहे. तिच्या जागी दुसरी चालते. त्या रांगेकडं बघता बघता माझ्या मनात आलं, आमच्या फळीचं असं का होऊ नये? पुस्तकं काय, बाजारात मिळतात. तीच पानं, तीच अक्षरं. भिजलेली द्यायची, कोरी घ्यायची.

हे मी घरी बोलून दाखवलं. अण्णा काही बोलले नाहीत. सौ. बोलली. “आधी नदीला विचारा,” म्हणाली. तिचं खरंच होतं, कारण २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. शेवटी बँकेच्या स्टाफ लोनवर विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पहिला हप्ता गेला त्या महिन्यातच वहीतली पहिली नोंद पडली. आता एकेका नगाचं सांगतो.

नग पहिला. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. पुण्याला बँकेच्या ट्रेनिंगला गेलो असता अप्पा बळवंत चौकातून घेतलं. किंमत दोनशे. (ट्रेनिंगचा विषय ‘ग्राहकसेवा’. माझी सेवा त्या दुकानदारानं उत्तम केली.)

हे पुस्तक लोक झाशीच्या राणीसाठी वाचतात. मीही पंधराव्या वर्षी घोड्यासाठी आणि तलवारीसाठीच वाचलं होतं. आता शेहेचाळिसाव्या वर्षी वाचताना पहिल्या पानांतच थबकलो. पेणजवळच्या वरसई गावचे हे विष्णुभट मुळात घराबाहेर पडले कशासाठी? तर डोक्यावरच्या कर्जासाठी! ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, कर्ज फिटेल, एवढ्या हिशेबावर हा गृहस्थ काकांबरोबर उत्तरेला निघाला. साल कुठलं निवडलं? १८५७! आमच्या कर्जविभागात रोज माणसं येतात, धंदा सुरू करण्याचा मुहूर्त सांगतात, पण इतका अचूक मुहूर्त आजवर कुणी साधलेला नाही.

पुढं सगळं बंड, झाशीचा वेढा, लूटमार भटजींनी आतून पाहिली. दक्षिणा मिळायची आणि लुटली जायची, पुन्हा मिळायची, पुन्हा लुटली जायची. शेवटी घरी परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आईबापांना त्या पाण्यानं न्हाऊ घालण्यासाठी. चिंतामणराव वैद्यांनी हा वृत्तान्त भटजींकडून लिहवून घेतला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ साली छापला. छापताना भाषेवर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती आली १९६६ साली. म्हणजे ऑडिट व्हायला एकोणसाठ वर्षं लागली. आमच्याकडं इतकं साचत नाही.

पुस्तक अण्णांना दिलं. त्यांनी पुढून मागून पाहिलं, शेवटचं कोरं पान उघडलं आणि म्हणाले, “हे आपलं नव्हे.” आपल्या प्रतीत त्याच पानावर त्यांनी भटजींचा जमाखर्च मांडला होता. कुठं किती दक्षिणा जमा, कुठं किती लूट नावे. आणि सगळ्यात खाली ‘शिल्लक : कावड १’. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नोटांचा नियम इथं लागू होत नाही.

नग दुसरा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. गावातल्या पुस्तक प्रदर्शनातून, दहा टक्के सवलतीनं. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेलं हे पुस्तक. मराठीत हसत हसत रडायला लावणारी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं अंगठ्याचं हे. बाईंना सोसावं लागलं ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर वाचकाला रुमाल पुरला नसता. बाई मात्र शेजारणीला ओट्यावर बसून गंमत सांगावी तशा सांगतात. त्यांच्या वडिलांचं सोवळं तर असं, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मीठसुद्धा! हे वाचून मी सौ.ला म्हटलं, “आपल्याकडं हे काम कृष्णामाईनं केलं. मीठ, साखर, गूळ, एका दिवसात सगळं सोवळ्यात.”

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं ते तीन आठवडे दिलंच नाही. रेव्हरंड टिळक म्हणजे मोठे कवी, देवमाणूस. पण पैसा हातात ठरेल तर शपथ. आणि घरातून कधी कुठं निघून जातील त्याचा नेम नाही. तीन आठवड्यांनी तिनं पुस्तक मिटलं, माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही त्या मानानं बरे आहात.” लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण माझ्याबद्दल इतका अनुकूल शेरा पहिल्यांदाच नोंदला गेला. किंमत वसूल, व्याजासकट.

नग तिसरा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. रद्दीवाल्याकडून, चाळीस रुपये. आतल्या पानावर कुठल्याशा शाळेचा पुसट शिक्का. मी घासाघीस करत होतो, तर तो म्हणाला, “घ्या की साहेब, वजनाला बारीक हाय, पण वाचायला जड हाय.” याच्याइतकं नेमकं परीक्षण मी अजून कुठं वाचलेलं नाही.

१९५५ सालची कादंबरी. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा चालवतो, वाडीकडून तालीम बांधून घेतो. आणि शेवटी दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते. आता गंमत बघा. माडगूळकरांचं माडगुळं आटपाडी तालुक्यात, आणि आटपाडी आमच्याच सांगली जिल्ह्यात. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला पाण्यावाचून गाव उठलं त्याची गोष्ट, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आमच्या फळीवर पाण्यात बुडून गेली. दुष्काळाचं पुस्तक पुरात वाहावं हा विनोद माझ्या कल्पनेच्या बाहेरचा आहे. तो भूगोलाचा आहे.

आमचे चिरंजीव नववीत. पुस्तक हातात घ्यायचं ते फक्त त्याची जाडी बघण्यासाठी. ‘बनगरवाडी’ त्या परीक्षेत पास झाली. दोन दिवसांत वाचून काढली आणि विचारलं, “बाबा, तिकडं प्यायला नाही आणि इकडं घरात येतं. तर इकडचं तिकडं का नेत नाहीत?” मी त्याला टेंभू योजनेचं सांगितलं. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून आटपाडीकडं नेलंय ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग शेवट बदलायला पाहिजे पुस्तकाचा.” मी नाही म्हटलं. पण वहीत त्याचा शेरा त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवला.

नग चौथा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. जुन्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, त्याच रद्दीवाल्याकडून, तीनशे. कंपनी सरकारच्या फौजेतला एक साहेब मराठी शब्द गोळा करत बसतो, १८३१ साली कोश काढतो, त्यानं समाधान होत नाही म्हणून पुन्हा वाढवून साठ हजार शब्दांचा करतो. ती दुसरी आवृत्ती निघाली तेही साल १८५७! भटजी ज्या वर्षी दक्षिणेला निघाले, त्याच वर्षी मुंबईत साहेबाचा कोश छापून तयार होत होता. आमच्या फळीवर हे दोघं बरीच वर्षं शेजारी होते, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. फळी रिकामी झाली आणि एकेक नग मोजून परत लावायला लागलो, तेव्हा दिसलं.

पेढीवर कानावर आलेला एखादा शब्द घरी येऊन कोशात शोधायचा आणि सापडला की समासात बारीक टिंब द्यायचं, हा अण्णांचा पूर्वीचा नाद. हळद, गूळ, हमाल, गाडीवान, सगळ्यांच्या तोंडचे शब्द. नवा कोश त्यांच्यापुढं ठेवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ‘क’ ते ‘प’ पानं सुटी आहेत का ते तपासलं. मग रोज दुपारी एक-दोन शब्द बघायला लागले. आतल्या खोलीतून मधूनच आवाज यायचा, “आहे!” अजून टिंब मात्र एकही नव्हतं.

नग पाचवा. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. ही मात्र मी आणलेली नाही, सौ.नं आणली. कोरी, पूर्ण किमतीला. ज्या बाईनं मेथीखालून माझी असंख्य पुस्तकं पकडली, तिनं हे उघड हातात धरून आणलं. मी एक शब्दही बोललो नाही.

१९७० साली निघालेलं हे पुस्तक. वाटी-चमच्याचं सरळ माप देऊन यानं किती नव्या सुनांची लाज राखली असेल, त्याची मोजदाद नाही. आमच्या घरात ते आईचं होतं. आईचं पुस्तक म्हणजे हळदीचे डाग, तुपाचे ठसे, आणि कमलाबाईंच्या मापांवर आईनं पेन्सिलीनं नोंदवलेली नम्र असहमती. ‘गूळ पाऊण पुरे.’ ‘ह्यांना तिखट चालत नाही.’ आई २०१६ साली गेली. तिच्या हाताचं लिहिलेलं आमच्या घरात दुसरं काही नव्हतं. पत्रं लिहायला ती कधी कुठं लांब गेलीच नाही. पंचनाम्यातल्या त्या ‘इतर’मध्ये हेही होतं.

नवी ‘रुचिरा’ दोन महिने फळीवर कोरी उभी होती. स्वयंपाकाचं पुस्तक इतकं स्वच्छ बघवत नाही. चुलीशिवायच्या घरासारखं वाटतं. मग एका दुपारी मी बँकेतून लवकर आलो, तर अण्णा जेवणाच्या टेबलावर ते पुस्तक उघडून बसलेले. हातात पेन्सिल. या माणसानं आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही. मला म्हणाले, “अरे, ती गूळ पाऊण घालायची ना? इथं एक छापलंय.” आणि त्यांनी ‘एक’वर आडवी रेघ मारली, वर ‘पाऊण’ लिहिलं, आणि शेजारी छोटी सही केली. पेढीच्या खातेवहीत दुरुस्ती करताना करायची तशी. सही केल्याशिवाय दुरुस्ती धरली जात नाही, हा त्यांचा नियम.

आईनं काय लिहिलं होतं ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं. पण पन्नास वर्षं ते जेवले होते. जिभेला काय आठवतं तेवढं ते उतरवत होते. आंबटवरणात आमसुलं एक कमी. सांज्याला दूध नको, पाणीच. चिवड्यात धने भरडून. सौ. आतून हात पुसत आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “अण्णा, सासूबाई धने भरडत नव्हत्या. अख्खेच घालायच्या. मी समोर उभी असायची.” अण्णांनी चष्मा वर केला, विचार केला, स्वतःची दुरुस्ती खोडली आणि तिच्यावरही सही केली. मग खुर्ची सरकवून तिला बसायला सांगितलं.

आतापर्यंत एकतीस दुरुस्त्या झाल्या आहेत. चौदाव्या पानापुढं तुपाचा पहिला डागही पडला आहे. तो कुणी पाडला याची चौकशी कुणीही केलेली नाही. परवा मोल्सवर्थ चाळताना समासात चार टिंबं दिसली. वहीतला पाचव्या नगापुढचा शेऱ्याचा रकाना मी मोकळाच ठेवला आहे, कारण ते काम अजून चालू आहे.

मतभेद एकाच पानावर उरलाय, पुरणपोळीच्या. अण्णा म्हणतात, ती पुरणात जायफळ घालायची. सौ. म्हणते, वेलदोडा. दोघंही सही करायला तयार आहेत. निकाल लागेपर्यंत दर रविवारी दोन्ही प्रकारचं पुरण व्हायचं ठरलं आहे. मी आणि चिरंजीव परीक्षक. आम्ही दोघांनी आपसांत ठरवून टाकलंय, की निकालाची घाई करायची नाही.